रेल्वेखाली जनावर गेलं तर भरपाई कोण देतं आणि केस कोणावर होते

सगळ्यात आधी जे कोणालाच ऐकायला आवडत नाही ते सांगून टाकतो. तुमची गाय, म्हैस, बैल, शेळी जे काय असेल ते रेल्वेखाली गेलं तर रेल्वे तुम्हाला पैसे देत नाही, उलट केस झालीच तर ती तुमच्यावर होते. गावात चर्चा वेगळीच असते, कोणी सांगतं रेल्वेकडून पन्नास हजार मिळतात, कोणी म्हणतं तलाठ्याकडून पंचनामा करून घे तहसीलातून येतील पैसे, आणि या नादात पहिले चार-पाच तास निघून जातात. खरं तर तेच तास महत्त्वाचे, कारण पैसे मिळायचा जो एक धड रस्ता आहे, विम्याचा, तो तेवढ्या वेळातच जमतो नाहीतर कायमचा बिघडतो.

तहसीलचं आधी मिटवतो. सरकारी मदतीचे जे आकडे सगळ्यांना पाठ असतात, दुधाळ जनावराला ३७,५००, ओढकाम करणाऱ्याला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००, ते नैसर्गिक आपत्तीचे आहेत. पूर, वीज, गारपीट असलं काही. बिबट्याने मारलं तर वनखातं देतं, ते अजून वेगळं. रेल्वेची धडक यातल्या कशातच बसत नाही. तरी पंचनामा करून घ्या, पण तो विम्यासाठी आणि पुढे कोर्टात जावं लागलंच तर त्यासाठी, तहसीलदार चेक देतील या आशेने नाही.

आता रेल्वे हात का वर करते ते बघू. रूळ आणि रुळालगतची पट्टी ही रेल्वेची जागा, तिथे परवानगीशिवाय जाणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्यातल्या कलम १४७ खाली गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कोर्टाने खास कारण नोंदवलं नाही तर दंड पाचशेच्या खाली येत नाही. हेच कलम ऑक्टोबर २०२२ मध्ये सगळ्या देशाला कळलं. मुंबई-गांधीनगर वंदे भारत सुरू होऊन आठवडाच झाला होता, ६ तारखेला अहमदाबादजवळ वटवा ते मणिनगरच्या मध्ये म्हशींचा कळप आडवा आला, चार म्हशी मेल्या, गाडीचं नाक तुटलं आणि आरपीएफने (रेल्वेचं स्वतःचं पोलीस दल) अनोळखी म्हैसमालकांवर १४७ लावलं. दुसऱ्या दिवशी आणंदजवळ गाय, महिनाअखेरीला वलसाडच्या अतुलजवळ बैल. लोकांनी त्या तुटक्या नाकाचे फोटो पाठवून विनोद केले, पण लाईनीकडेच्या गावांत सरपंचांना नोटिसा गेल्या आणि तिथनं हा विषय सिरियस झाला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, वकिलाशी बोलताना कामाला येते. १४७ मध्ये लिहिलंय ते रेल्वेच्या जागेत शिरणाऱ्या 'व्यक्ती'बद्दल. म्हणजे तुम्ही स्वतः किंवा तुमचा गुराखी रुळाच्या कडेला गुरं चारत बसला असेल तर कलम सरळ लागतं. पण गोठ्यातलं दावं तोडून म्हैस रात्री एकटीच गेली असेल, तुम्ही घरात झोपलेले, तर तुम्ही कुठे शिरलात, हा प्रश्न विचारायला जागा आहे. जुन्या १८९० च्या कायद्यात जनावरांसाठी वेगळं कलम होतं, १२५, दर जनावरामागे पाच रुपयांपर्यंत दंड, आणि तोही लाईनीला जनावरं अडतील असं कुंपण असेल तर. मुद्दाम हाकलली असतील तर पन्नासपर्यंत. आता १४७ ओढूनताणून वापरलं जातं असं माझं मत, पण म्हणून केस होत नाही असं समजू नका, होते, आणि रेल्वे मॅजिस्ट्रेटपुढे बरेच जण वकील करण्यापेक्षा दंड भरून मोकळे होतात कारण एका तारखेला जायचा खर्चच दंडाएवढा.

मग लोक विचारतात की कुंपण घालणं हे रेल्वेचं काम नाही का? प्रश्न बरोबर आहे, उत्तर मात्र आपल्या बाजूचं नाही. इंग्लंडमध्ये १८४५ च्या कायद्यापासून लाईनीला कुंपण घालायची जबाबदारी रेल्वे कंपनीवर आहे, शेजारच्या शेतातलं जनावर आत आलं तर पहिला प्रश्न कंपनीला. आपल्याकडे रेल्वे कायद्याचं कलम १८ म्हणतं की केंद्र सरकार रेल्वेला कुंपण घाल, फाटक बसव असं सांगू शकतं. सांगू शकतं, बस. त्यामुळे 'कुंपण नव्हतं म्हणून रेल्वे दोषी' एवढ्यावर दावा उभा राहत नाही. जिथे वेग वाढवायचाय तिथे रेल्वे स्वतःहून घालते, मुंबई-अहमदाबाद मार्गावर त्या धडकांनंतर सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास लोखंडी पट्ट्यांचं कुंपण घ्यायचं ठरलं, खर्च २४५ कोटींच्या घरात. हायवेच्या कडेला असतात तसल्याच पट्ट्या. बाकी ठिकाणी अजून मोकळंच आहे.

रेल्वेची चूक निघते कधी? निघते, पण मोजक्या ठिकाणी, आणि त्यात सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे फाटक. फाटक उघडं होतं, तुम्ही रीतसर गुरं घेऊन पलीकडे चालला होता आणि गाडी आली, तर चूक तुमची नाही, विषय संपला. आता ब्रॉडगेजवर बिनमाणसाचं फाटक राहिलेलं नाही, २०१९ च्या जानेवारीपर्यंत सगळी बंद केली किंवा माणूस बसवला. काही फाटकं सिग्नलला जोडलेली असतात, फाटक लागल्याशिवाय गाडीला पुढे यायचा सिग्नल मिळतच नाही. जी जोडलेली नाहीत तिथे स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतो, गाडी येतेय म्हणून सांगतो, गेटमन फाटक लावतो आणि एक आकडा सांगतो, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात, तो नंबर दोन्हीकडच्या रजिस्टरला वेळेसकट लिहिला जातो. हे रजिस्टर म्हणजे तुमचा साक्षीदार. गेटमनने नंबर दिला पण फाटक उघडंच होतं, की स्टेशनातून फोनच आला नाही, ते त्यातून दिसतं. म्हणून अपघात फाटकावर झाला असेल तर फाटकाचा नंबर लिहून घ्या (पाटीवर असतो), उघड्या फाटकाचा फोटो किंवा व्हिडिओ असेल तर तो लगेच दोघातिघांना पाठवून ठेवा, आणि त्या वेळी फाटकावर थांबलेल्या मोटारसायकलवाल्यांची नावं-नंबर घ्या, नंतर कोणी सापडत नाही.

उलट फाटक बंद होतं आणि तुम्ही बाजूने गुरं घातली किंवा दांडा वर करून काढली तर मात्र काही बोलायची सोय नाही. बंद फाटक उघडणं हा कलम १६० चा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत, आणि तोडलं तर पाच वर्षांपर्यंत. रोज सगळेच काढतात हे कोर्टात सांगून उपयोग नसतो.

दुसरं ठिकाण म्हणजे मोरी, लाईनीखालून जायची वाट. लाईन टाकताना शेतकऱ्यांची जमीन दोन तुकड्यांत गेली असेल तर ये-जा करायला मोरी, पूल, क्रॉसिंग करून द्यायची आणि सांभाळायची जबाबदारी कलम १६ ने रेल्वेवर टाकलीय. ती मोरी दुहेरीकरणाच्या कामात मातीने बुजवून ठेवली, गावाने लेखी तक्रार दिली, कोणी लक्ष दिलं नाही, आणि मग गुरं वरून न्यावी लागली, तर बोलायला जागा आहे. तसंच रेल्वेने घातलेलं कुंपण तुटून पडलंय आणि ग्रामपंचायतीने पत्र देऊन पोच घेतलीय, तर तिथेही. दोन्हीत जीव आहे तो त्या पोचपावतीत. सांगितलं होतं साहेबांना, याला काही अर्थ नाही.

असं काही असेल तर दावा जातो दिवाणी कोर्टात. रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनलला जाऊ नका, ते प्रवाशांसाठी आणि बुक केलेल्या मालासाठी, तुमची म्हैस दोन्हीत नाही. दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यावी लागते, रेल्वेच्या बाबतीत ती त्या झोनच्या जनरल मॅनेजरला, आणि मग दोन महिने थांबायचं. नोटीस स्टेशन मास्तरच्या हातात देऊन आलो म्हणणारे भेटतात, तिचा उपयोग नाही. मुदत तीन वर्षांची. कोकण रेल्वेच्या हद्दीत असाल तर ते कॉर्पोरेशन आहे, नोटीस कोणाच्या नावाने ते वकिलाला विचारूनच करा. नोटिशीआधी माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांत होतो, तुमच्या विभागीय कार्यालयाला, म्हणजे भुसावळ, सोलापूर, पुणे, नांदेड जे लागत असेल ते. त्यात तीन गोष्टी मागा, त्या वेळचं गेटचं रजिस्टर, लोको पायलटने म्हणजे ड्रायव्हरने दिलेला रिपोर्ट आणि इंजिनाच्या स्पीडोमीटरचा डेटा. ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही असं गावकरी नेहमी म्हणतात, पण ताशी शंभरच्या वर असलेली गाडी इमर्जन्सी ब्रेक मारूनही कित्येकशे मीटर पुढे जाते, त्यामुळे ड्रायव्हरला धरून काही होत नाही. जनावर मारल्याचा फौजदारी गुन्हा व्हायला हेतू लागतो, तो तिथे नसतो.

आता मालकावर जास्तीत जास्त काय येऊ शकतं? १४७ हे सगळ्यात हलकं. कोणाच्या निष्काळजीपणाने प्रवाशांचा जीव धोक्यात आला तर कलम १५४ आहे, एक वर्षापर्यंत, आणि मुद्दाम केलं असेल तर १५३, पाच वर्षांपर्यंत. भारतीय न्याय संहितेत २९१ आहे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्याबद्दल. एवढ्याशा म्हशीने गाडीला काय होतंय असं वाटत असेल तर १९९५ चं फिरोजाबाद आठवा. २० ऑगस्टच्या पहाटे कालिंदी एक्सप्रेस नीलगायीला धडकली, ब्रेक जाम होऊन लाईनीवरच उभी राहिली आणि मागून पुरुषोत्तम एक्सप्रेस येऊन आदळली, साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. स्कॉटलंडमध्ये पोलमाँटला १९८४ मध्ये एका गायीने गाडी रुळावरून उतरवली, तेरा मेले. इंजिनाच्या पुढे कॅटल गार्ड असतो तो याचसाठी, तरी अंग चाकाखाली ओढलं गेलं की ब्रेकचा पाईप तुटतो, गाडी उभी राहते, मागच्या सगळ्या गाड्या अडकतात. रेल्वेच्या भाषेत या प्रकाराला सीआरओ म्हणतात, कॅटल रन ओव्हर, आणि कंट्रोल रूमला प्रत्येकाची नोंद होते.

बरं, समजा झालंच. काय करायचं ते सांगतो.

रुळावर धावत जाऊ नका. जनावर गेलं ते गेलं, पण दुहेरी लाईन असेल तर अपवर मढं बघत असताना डाउनवरून गाडी येते आणि माणूस जातो. जनावर जिवंत असून तडफडत असेल तरी आधी गेटमन किंवा जवळच्या स्टेशनला सांगा, तेही जमत नसेल तर रेल्वेच्या १३९ हेल्पलाईनला फोन करा. ओढायला लांब बांबू, लोखंडी गज काही घेऊन जाऊ नका, वर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे, नुसतं जवळ गेलं तरी खेचते. गँगमन (रुळांची देखभाल करणारे) येतात, ब्लॉक घेऊन म्हणजे गाड्या थांबवून किंवा गाड्यांच्या मधल्या वेळात मढं बाजूला करतात, त्यांच्यासोबतच जा.

जागा सांगताना 'ओढ्याजवळ, पाटलाच्या मळ्यामागं' असं सांगू नका. विजेच्या प्रत्येक खांबाला एक छोटी पाटी असते, वर किलोमीटरचा आकडा आणि खाली खांबाचा, समजा ४१२ आणि खाली १८. हा आकडा सांगितला की स्टेशन मास्तरला, आरपीएफला, विमावाल्याला सगळ्यांना एकच जागा कळते आणि रेल्वेच्या रेकॉर्डशी तुमचा कागद जुळतो. त्या पाटीचा फोटो काढा, रुळाबाहेर उभं राहून. मग जनावराचे फोटो, एक लांबून जागा दिसेल असा, एक जवळून, आणि एक कानातला बिल्ला नंबरासकट वाचता येईल असा. हा तिसरा फोटो नसेल तर विम्याचं पुढचं सगळं फुकट.

पोलिसांत दोन प्रकार असतात, आरपीएफ म्हणजे रेल्वेचं स्वतःचं दल आणि लोहमार्ग पोलीस म्हणजे आपल्या राज्याचे. १४७ वगैरे आरपीएफ बघतं. ते आले की पळून जाऊ नका, बिल्ल्यावरून नाव निघतंच. जबाब द्यायचा तर जे घडलं ते सांगा, दावं कसं तुटलं, किती वाजता कळलं, शोधायला कोण गेलं, आणि लिहिलेलं वाचून मगच सही करा. 'गुरं रुळालगत चरायला सोडली होती' असं वाक्य घाईत लिहिलं गेलं की तेच वाक्य एकीकडे गुन्ह्याची कबुली होतं आणि दुसरीकडे विमा कंपनीला हलगर्जीपणा म्हणून क्लेम नाकारायला मिळतं. रागाच्या भरात पुढची गाडी अडवणं, दगड मारणं तर अजिबात नको, गाडी अडवण्याला कलम १७४ आहे, दोन वर्षांपर्यंत, आणि दगडाचं तर त्याहून भयंकर.

विमा असेल तर त्याच दिवशी कंपनीला किंवा एजंटला फोन, आणि फोननंतर मेसेजही, म्हणजे वेळेची नोंद राहते. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, डॉक्टर येऊन पोस्टमॉर्टम करतील, त्या रिपोर्टमध्ये मृत्यूचं कारण रेल्वेची धडक असं स्पष्ट यायला हवं आणि बिल्ल्याचा बारा आकडी नंबर पॉलिसीशी जुळायला हवा. डॉक्टर येईपर्यंत मढं पुरू नका आणि बिल्ला कापून घेऊ नका. माझ्या ओळखीच्या एका आजोबांची दुसऱ्या वेताची म्हैस गेली, पोरांनी भल्यासाठीच आधी कानातला बिल्ला कापून घरी आणून ठेवला, कंपनीने म्हटलं हा बिल्ला याच म्हशीचा कशावरून? आजोबा दूध डेअरीचं कार्ड दाखवत राहिले, बाजाराची पावती दाखवली, काही झालं नाही. नो टॅग नो क्लेम हे वाक्य एजंटांना झोपेतही येतं.

किंमत ठरताना मात्र तीच डेअरीची नोंद आणि बाजार समितीची पावती कामाला येते. गाभण होती का, किती लिटर देत होती, वेत कितवं, हे डॉक्टरांना मूल्यांकनात लिहायला सांगा. विमा नसेल काढलेला तर राष्ट्रीय पशुधन अभियानात बघा, २०२४ पासून हप्त्यातला १५ टक्के वाटा शेतकऱ्याचा, उरलेला केंद्र आणि राज्याचा. लाईनीकडेला राहून एवढ्या हप्त्यासाठी मागेपुढे बघणारे लोक मला तरी समजत नाहीत.

मेंढपाळांचं दुखणं वेगळंच. एक म्हैस जाते तिथे कळपातली वीस-तीस मेंढरं एका फटक्यात जातात, पुढची एक रुळावर चढली की मागच्या सगळ्या तिच्यामागे. भटकंतीत दवाखाना कुठला, बिल्ले सगळ्यांना नाहीत, पोस्टमॉर्टम एवढ्यांचं करणार कोण? निदान मुक्कामाला वाघर (मेंढरं कोंडायचं जाळं) लाईनीपासून लांब लावा, आणि लाईन ओलांडायची तर फाटकावरूनच, गेटमनला आधी सांगून की दोनशे मेंढरं आहेत, दहा मिनिटं लागतील. तो स्टेशनला विचारून सांगतो, बहुतेक गेटमन ऐकतात.

गुराखी ठेवलेला असेल तर १४७ त्याच्यावर लागेल कारण रुळावर तो होता, पण नुकसानीचा दिवाणी दावा कोणी केला तर मालकालाही सोडत नाहीत, तो तुमच्या कामावर होता म्हणून. त्याला रुळालगत चारू नको असं सांगितलंय हे चार लोकांसमोर सांगा तरी. आणि मोकाट सोडलेल्या भाकड गायींचं म्हणाल तर बिल्ला कानात आहे तोवर त्या तुमच्याच. ग्रामपंचायतीचा कोंडवाडा चालू असेल तर १८७१ च्या कायद्याने त्यात टाकता येतात, पण चालू कोंडवाडा शोधणं हेच मोठं काम. जनावर बाजारात विकलंत तर घेणाऱ्याच्या नावावर टॅगची नोंद बदलली का हे दवाखान्यात जाऊन तपासा, १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाईनला फोन केला तरी कुठे जायचं ते सांगतात. नाहीतर दोन तालुके पलीकडे दुसऱ्याच्या हातून रुळावर गेलेल्या गायीसाठी आरपीएफचा फोन तुम्हाला येईल, आणि त्या दिवशी दाखवायला विक्रीची पावती तेवढी जवळ असू द्या.